धान्याच्या कोठारांतून आलेली सत्ता : व्हिएतनाम, ऑगस्ट १९४५

नदीकाठ :

व्हिएतनामचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं थेट अमेरिकेच्या युद्धावर जातं. त्याआधीचं १९४५ साल एका वाक्यात उरकलं जातं : जपान हरला, फ्रेंच कैदेत होते, खुर्ची रिकामी होती, हो चि मिन्ह येऊन बसले. इथल्याच एका चर्चेत हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत वाचलं आणि मला ते अजिबात पटलं नाही. खुर्ची रिकामी झाली हे खरं, पण तिच्यावर डोळा ठेवून असलेले गट पुष्कळ होते. मग हो चि मिन्ह यांची व्हिएत मिन्ह ही संघटनाच का? माझं उत्तर तांदळापाशी येऊन थांबतं. १९४४-४५ च्या दुष्काळात लोकांसाठी कोण धावून आलं, त्यावर ऑगस्टचा निकाल ठरला असं मला वाटतं. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्हिएतनाम तेव्हा फ्रेंचांची वसाहत होती. जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला. सप्टेंबरमध्ये जपानी फौजा टोंकिनमध्ये, म्हणजे उत्तर व्हिएतनाममध्ये शिरल्या आणि जुलै १९४१ मध्ये दक्षिणेतही पोचल्या. जपानने फ्रेंचांना हाकललं मात्र नाही. फ्रेंच गव्हर्नर जनरल ॲडमिरल देकू यांचा कारभार तसाच राहू दिला. पोलीस, करवसुली, तुरुंग फ्रेंचांचे. तांदूळ, रबर, कोळसा, बंदरं आणि विमानतळ जपानच्या दिमतीला. राजे बाओ दाई ह्यूएच्या राजवाड्यात नावापुरते.

हो चि मिन्ह १९४१ च्या सुरुवातीला तीस वर्षांनी मायदेशी परतले. चीनच्या सीमेला लागून काओ बांग प्रांत आहे, तिथे पाक बो नावाच्या ठिकाणी एका गुहेत ते राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात तिथे व्हिएत मिन्हची स्थापना झाली. कणा कम्युनिस्ट पक्षाचाच होता, पण जमीनदारांच्या जमिनी वाटण्याची घोषणा त्यांनी जाणीवपूर्वक मागे ठेवली आणि फ्रेंच व जपानी दोघांना घालवणं हे एकच उद्दिष्ट पुढे केलं. २२ डिसेंबर १९४४ रोजी इतिहासाचे शिक्षक असलेले व्हो न्गुएन जियाप यांनी ३४ जणांची एक सशस्त्र प्रचार तुकडी उभी केली. आजची व्हिएतनामी सेना आपला स्थापना दिवस तोच मानते. नावात 'प्रचार' आधी का होता हे पुढे लक्षात येईल.

आता तो दुष्काळ. उत्तर व्हिएतनाममध्ये तांबड्या नदीच्या खोऱ्यात माणसं फार आणि जमीन कमी. चांगल्या वर्षीही दक्षिणेतल्या मेकाँग खोऱ्यातून तांदूळ यावा लागे. युद्धात तो मार्ग तुटला, कारण मित्र राष्ट्रांच्या विमानांनी रेल्वे आणि जहाजांवर बाँब टाकले. त्यातच जपानला गोणपाटासाठी ताग आणि तेलासाठी एरंड हवा होता, म्हणून भाताच्या जमिनीत ही पिकं सक्तीने लावायला लावली. सरकारी भावाने, म्हणजे बाजारभावाच्या कितीतरी खाली, शेतकऱ्याकडून ठरलेलं धान्य वसूल केलं जात होतं. पीक कमी आलं तरी वसुली कमी झाली नाही. १९४४ मध्ये वादळं आणि पुरांनी पीक बुडालं, आणि पाठोपाठ कडक थंडी आली. त्याच काळात दक्षिणेत सायगॉनच्या वीजकेंद्रात कोळशाच्या जागी धान्य जाळलं जात होतं. हे मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा पुस्तक खाली ठेवावं लागतं.

थाय बिन्ह, नाम दिन्ह अशा प्रांतांतून माणसं हनोईच्या दिशेने चालत निघाली आणि रस्त्यात पडली. शहरात रोज सकाळी गाड्या फिरवून प्रेतं गोळा करत. व्हो आन निन्ह या छायाचित्रकाराने ते टिपून ठेवलं आहे. मृतांचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात.

आणि सरकारी कोठारांत भात होता. जपानी सैन्यासाठी साठवलेला.

९ मार्च १९४५ च्या रात्री जपानने फ्रेंचांवर झडप घातली. काही दिवसांत फ्रेंच सैनिक, अधिकारी, पोलीस सगळे कैदेत. फ्रेंच गुप्त पोलीस खातं हा व्हिएत मिन्हचा खरा शत्रू होता, कारण खेड्यापाड्यांत त्यांचे खबरे होते. एका रात्रीत ते जाळं निकामी झालं. जपान्यांकडे गावोगाव राज्य चालवायला ना माणसं होती, ना इच्छा. नेमकी हीच वेळ दुष्काळाच्या कडेलोटाची. व्हिएत मिन्हने घोषणा दिली : कोठारं फोडा, दुष्काळ हटवा. गावकऱ्यांना घेऊन ते कोठारांवर गेले, भात वाटला, करवसुली बंद पाडली, गावाच्या जुन्या पंचांच्या जागी स्वतःच्या समित्या बसवल्या. जूनपर्यंत उत्तरेच्या डोंगराळ भागात सहा प्रांतांचा मुक्त प्रदेश जाहीर झाला होता.

कोठार फोडायला गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर फक्त टोपली नसते. सरकारला न घाबरता काहीतरी करता येतं, हे त्याने आणि त्याच्या गावाने एकदा करून पाहिलेलं असतं. ऑगस्टमध्ये हनोईच्या रस्त्यांवर जे लोक आले त्यांतले बरेचसे आसपासच्या खेड्यांतून आले होते. मार्च ते ऑगस्ट या पाच महिन्यांत राज्य खालून बदललं होतं, ऑगस्टमध्ये फक्त वरचा मजला ताब्यात घेतला. मला एवढंच म्हणायचं आहे. वाद घाला.

सह्यकडा :

लेख मनापासून आवडला, पण वाद घालतोच. दुष्काळाने लोक चिडले हे मान्य. मात्र चिडलेले लोक आणि सत्ता यांच्यामध्ये जपानी सैन्य उभं होतं, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते पूर्णपणे शाबूत होतं. ६ आणि ९ ऑगस्टला अणुबाँब पडले, १५ ऑगस्टला सम्राटाने शरणागती जाहीर केली. हे झालं नसतं तर जियाप यांच्या त्या तुकड्या हनोईत शिरू शकल्या असत्या का? पक्षाचे सदस्य तेव्हा सगळे मिळून ५ हजारांच्या आसपास होते म्हणतात. एवढ्या माणसांनी देश घेतला याचं कारण समोर कुणी लढायला तयार नव्हतं. भाताचं महत्त्व मी नाकारत नाही, पण निर्णायक घटना टोकियोत घडली.

नदीकाठ :

सह्यकडा, मुद्दा रास्त आहे, पण हनोईतला घटनाक्रम दिवसवार पाहा.

१३ ऑगस्टला पक्षाची परिषद तान त्राव या डोंगरातल्या गावात भरली, त्या रात्री उठावाचा आदेश निघाला. १६ आणि १७ ला तिथेच प्रतिनिधींची राष्ट्रीय सभा झाली आणि हो यांना राष्ट्रीय मुक्ती समितीचं अध्यक्ष केलं. हे सगळं हनोईपासून शंभरएक किलोमीटरवर, जंगलात, आणि संदेश पोचवायला पायी जाणारी माणसं. हनोईतल्या कार्यकर्त्यांना तो आदेश वेळेत मिळालाच नाही! त्यांनी मार्चमध्ये पक्षाने काढलेल्या जुन्या निर्देशाच्या आधारावर स्वतःच ठरवलं.

१७ ला हनोईच्या ऑपेरा हाउससमोर सरकारी नोकरांची सभा होती. ती भरवली होती राजे बाओ दाईंनी नेमलेले पंतप्रधान त्रान त्रोंग किम यांच्या सरकारला पाठिंबा द्यायला. व्हिएत मिन्हची माणसं गर्दीत होतीच. पिवळ्या ताऱ्याचा लाल झेंडा बाल्कनीवरून सोडला गेला, ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात आला आणि सभा उलटली. सरकारचेच नोकर सरकारविरोधी मोर्च्यात चालू लागले. १९ ला त्याच चौकात प्रचंड सभा, तिथून जमाव टोंकिनच्या प्रशासकीय राजवाड्यात शिरला. नागरी रक्षक दलाची बराक घेतली तेव्हा जपानी रणगाडे खरोखर येऊन उभे राहिले. बोलणी झाली, रणगाडे परत गेले.

तेव्हा जियाप आणि त्यांचे सैनिक कुठे होते? थाय न्गुएनच्या वाटेवर. २० तारखेला ते तिथल्या जपानी ठाण्याला वेढा घालत होते आणि हनोई आदल्या दिवशीच हातात आलेली होती. हो स्वतः हनोईत पोचले २५-२६ च्या सुमारास, तेही आजारातून नुकतेच उठलेले. नेता जंगलात, सैन्य दुसऱ्याच गावी, आदेश वाटेत, आणि राजधानी पडली. तुम्ही म्हणता तशी निर्णायक घटना टोकियोत घडली असेल, पण तिचा फायदा दोन दिवसांत घेऊ शकणारी माणसं हनोईच्या गल्ल्यांत आधीपासून होती.

जपानी लढले नाहीत याचा फायदा सर्वांनाच सारखा होता. व्हिएतनामी राष्ट्रवादी पक्ष, दाई व्हिएत हा दुसरा राष्ट्रवादी पक्ष, राजाचं सरकार, सगळ्यांनाच. त्यांच्याकडे गावं नव्हती.

उत्तरा :

दुष्काळाबद्दल थोडं. मृतांच्या आकड्यांवर अजून वाद आहे, कारण गावंच्या गावं रिकामी झाली तिथे नोंद ठेवणारं कुणी उरलं नाही. हो यांनी २ सप्टेंबरच्या भाषणात वीस लाखांहून अधिक म्हटलं. नंतर १९९० च्या दशकात व्हिएतनामी आणि जपानी अभ्यासकांनी मिळून गावोगाव जाऊन, कोणत्या घरात किती माणसं होती आणि किती उरली असं घरवार विचारून पाहणी केली. कुटुंबंच्या कुटुंबं पुसली गेल्याचं त्यात दिसतं. मला आकड्यापेक्षा ही घरवार यादी जास्त हलवून गेली.

जबाबदारी कुणाची, यावर फ्रेंच जपान्यांकडे बोट दाखवतात आणि जपानी हवामानाकडे. धान्याची सक्तीची वसुली फ्रेंच प्रशासनाने राबवली, जपानच्या मागणीवरून. मित्र राष्ट्रांच्या बाँबफेकीचा वाटाही टाळता येत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल ज्यांनी वाचलं आहे त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल : लष्कराला आधी, वाहतूक लष्करासाठी राखीव, आणि खेड्याने काय खायचं हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नाही.

कावेरी :

या सगळ्यात त्रान त्रोंग किम यांच्यावर अन्याय होतो असं मला नेहमी वाटतं. ते इतिहासकार आणि शिक्षक होते, राजकारणी नव्हते. एप्रिल १९४५ मध्ये बाओ दाईंनी त्यांना पंतप्रधान केलं. चार महिन्यांच्या त्या सरकारने शाळांत व्हिएतनामी भाषा आणण्याचा कार्यक्रम आखला, देशाला व्हिएतनाम हे नाव अधिकृतपणे दिलं, दक्षिणेचा कोचीनचायना प्रांत परत मिळवण्यासाठी जपान्यांशी वाटाघाटी केल्या, दक्षिणेतून तांदूळ आणायची धडपड केली. त्यांच्याकडे संरक्षण खातंच नव्हतं. जपान्यांच्या हाती आपल्या पोरांना सैनिक म्हणून द्यायचं नाही, म्हणून त्यांनी ते मुद्दाम ठेवलं नाही असं सांगतात. त्यांचे युवक खात्याचे मंत्री फान आन्ह पुढच्याच वर्षी हो यांच्या सरकारात संरक्षण मंत्री झाले! म्हणजे ही दोन सरकारं एकमेकांपासून वाटतात तितकी लांब नव्हती.

आणि बाओ दाई. ऑगस्टमध्येच त्यांनी फ्रान्सचे नेते द गॉल यांना एक पत्र पाठवलं. तुम्ही इथे पुन्हा फ्रेंच कारभार बसवलात तरी कुणी तो मानणार नाही, प्रत्येक गाव प्रतिकाराचं घरटं होईल, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ३० ऑगस्टला ह्यूएच्या न्गो मोन दरवाज्यावर त्यांनी राजमुद्रा आणि तलवार नव्या सरकारचे प्रतिनिधी त्रान हुय लिएउ यांच्या हाती दिली. गुलाम देशाचा राजा होण्यापेक्षा स्वतंत्र देशाचा साधा नागरिक व्हावं, अशा अर्थाचे शब्द त्यांच्या घोषणापत्रात होते. नंतर ते 'नागरिक विन्ह थुई' या नावाने नव्या सरकारचे सर्वोच्च सल्लागार झाले. पुढे फ्रेंचांच्या आश्रयाने परत आले हे खरं, पण त्या दिवशीच्या त्या कृतीने नव्या सरकारला जो मान मिळाला तो बंदुकीने मिळाला नसता. बाओ दाईंच्या न्गुएन घराण्याची एक सोन्याची मोठी राजमुद्रा २०२३ मध्ये पॅरिसहून व्हिएतनामला परत आली, तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांनी तिला केवढी जागा दिली!

दर्यावर्दी :

सर्वांचं लेखन उत्तम आहे, पण एक गोष्ट या धाग्यात अजून आली नाही म्हणून लिहितो. ऑगस्ट-सप्टेंबर १९४५ मध्ये व्हिएत मिन्हने विरोधकांना मारलं. फाम क्विन्ह हे विद्वान संपादक आणि बाओ दाईंचे मंत्री, आणि पुढे दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष झालेले न्गो दिन्ह दिएम यांचे थोरले भाऊ न्गो दिन्ह खोई, दोघांना ह्यूएजवळ ठार केलं. सायगॉनचा ट्रॉट्स्कीवादी नेता ता थू थाऊ, जो फ्रेंच तुरुंगात अनेक वर्षं काढून आला होता, त्याला क्वांग न्गाईमध्ये मारलं. दक्षिणेतले घटनावादी नेते बुई क्वांग चिएउ हेही गेले. हे जपानचे हस्तक होते असं सगळ्यांबद्दल म्हणता येत नाही. कोठार फोडून भात वाटणारी संघटना आणि रात्री माणसं उचलून नेणारी संघटना एकच होती. तुमच्या मांडणीत पहिली दिसते, दुसरी दिसत नाही.

नदीकाठ :

दर्यावर्दी, तुम्ही हे इथे नोंदवलंत ते गरजेचं होतं, यातल्या कुठल्याही नावाबद्दल माझा वाद नाही. ता थू थाऊ यांचा खून तर मला कुठल्याही निकषावर समर्थनीय वाटत नाही. फ्रेंचांविरुद्ध त्या माणसाने जेवढं सोसलं तेवढं थोड्यांनी सोसलं असेल. स्थानिक समित्यांच्या हाती अचानक सत्ता आली आणि त्यांनी जुने हिशेब चुकवले, असं काही ठिकाणी झालं. काही ठिकाणी वरच्या पातळीवरून ठरवून झालं. दोन्ही प्रकार होते.

पण यावरून सत्ता दहशतीने आली असं म्हणणं मला चूक वाटतं. १९ ऑगस्टला हनोईत जवळजवळ रक्त सांडलं नाही. दहशत सत्ता येताना दिसते त्यापेक्षा ती टिकवताना, आणि सर्वात जास्त दक्षिणेत दिसते, जिथे व्हिएत मिन्हची मुळं उथळ होती.

पाऊलवाट :

अवांतर होईल कदाचित, पण तारखा वाचताना अंगावर काटा आला. १७ ऑगस्टला, ज्या दिवशी हनोईत ती सभा उलटली, त्याच दिवशी नेताजी सुभाषचंद्र बोस सायगॉनमध्ये होते. बँकॉकहून तिथे आले, जपानी बाँबर विमानात त्यांच्यासाठी आणि त्यांचे सहकारी हबीबुर रहमान यांच्यासाठी जेमतेम दोन जागा मिळाल्या, संध्याकाळी निघून रात्री तूरानला, म्हणजे आजच्या दा नांगला थांबले आणि दुसऱ्या दिवशी तैपेईला ते विमान कोसळलं. व्हिएतनाममध्ये स्वातंत्र्याची लाट उठत होती त्याच चोवीस तासांत आपले नेताजी त्याच भूमीवरून शेवटचा प्रवास करत होते.

मोहनकाका :

पाऊलवाट, अवांतर अजिबात नाही. भारताचा या कथेशी असलेला संबंध तिथेच संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्याला बोचणारा आहे. मी लष्करी इतिहास वाचतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पॉट्सडॅमला ठरलं की जपानी सैन्याची शरणागती सोळाव्या अक्षांशाच्या उत्तरेला चिनी राष्ट्रवादी सैन्य घेईल आणि दक्षिणेला ब्रिटिश. दक्षिणेला आले मेजर जनरल डग्लस ग्रेसी, आणि त्यांचं सैन्य म्हणजे ब्रह्मदेशात लढून आलेली २० वी भारतीय डिव्हिजन. गुरखा, डोग्रा, पंजाबी, जाट, हैदराबाद रेजिमेंटचे जवान. ग्रेसी १३ सप्टेंबरला सायगॉनमध्ये उतरले. स्वागताला आलेल्या व्हिएत मिन्हच्या प्रतिनिधींना त्यांनी दाद दिली नाही. आठवड्याभरात वर्तमानपत्रं बंद, संचारबंदी, लष्करी कायदा. कैदेतल्या फ्रेंच सैनिकांना सोडून त्यांच्या हातात शस्त्रं दिली आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे त्या फ्रेंचांनी सायगॉनच्या सरकारी इमारती परत घेतल्या. नंतर माणसं कमी पडली तेव्हा ज्यांची शरणागती घ्यायला आले होते त्या जपानी तुकड्यांनाच व्हिएतनामींविरुद्ध वापरलं. याच गोंधळात २६ सप्टेंबरला अमेरिकन गुप्तचर अधिकारी पीटर ड्यूई मारला गेला.

नेहरूंनी तेव्हा जाहीरपणे संताप व्यक्त केला होता की आपल्याच परिस्थितीत असलेल्या मित्रांविरुद्ध ब्रिटनने भारतीय जवानांना राबवावं हे लाजिरवाणं आहे. काँग्रेसने ठिकठिकाणी निषेध केला. जानेवारी १९४७ मध्ये कलकत्त्यात विद्यार्थी व्हिएतनामसाठी रस्त्यावर उतरले तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला.

मराठी माणसांचा धागा शोधायचा तर तो शेजारच्या जावा बेटावर सापडतो. ऑक्टोबर १९४५ मध्ये सुराबायात ब्रिगेडियर मॅलबी यांच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती, आणि इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांशी झालेल्या लढाईत आपले बरेच जवान तिथे पडले. घाटावरची, कोकणातली मुलं, ब्रह्मदेशचं युद्ध संपवून घरी जायची वाट पाहत असलेली. त्यांना कुणासाठी लढवलं गेलं? डचांच्या वसाहतीसाठी. त्या जवानांबद्दल आपल्याकडे इतकं कमी लिहिलं गेलं आहे की कुणाच्या घरात पत्रं, पदकं, आठवणी असतील तर त्या इथे लिहाव्यात अशी विनंती करतो.

उत्तरा :

मोहनकाका, हा भाग शाळेच्या इतिहासात एका ओळीतही नव्हता. धन्यवाद.

सह्यकडा :

काका, अमेरिकनांबद्दलही लिहा ना. ऑगस्टमध्ये ते व्हिएत मिन्हच्या बाजूने होते असं वाचलं होतं.

मोहनकाका :

बाजूने होते हे जरा जास्त होईल. अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संघटनेला जपानी हालचालींची माहिती आणि कोसळलेल्या वैमानिकांची सुटका हवी होती, आणि उत्तर व्हिएतनामच्या जंगलात ते करू शकणारं एकच जाळं होतं. हो यांनी एका अमेरिकन वैमानिकाला चीनमध्ये सुखरूप पोचवलं. मार्च १९४५ मध्ये कुनमिंगला चीनमधल्या अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख जनरल शेनॉल्ट यांची भेट झाली तेव्हा त्यांनी पैसे मागितले नाहीत, शस्त्रं मागितली नाहीत. जनरलचा सहीचा फोटो मागितला. तो फोटो त्यांनी नंतर इतर गटांच्या नेत्यांना दाखवला. बघा, अमेरिका कुणाशी बोलते आहे!

जुलैच्या मध्यात मेजर ॲलिसन थॉमस यांची 'डिअर' नावाची तुकडी पॅराशूटने तान त्रावला उतरली. हो तेव्हा तापाने इतके खंगले होते की तुकडीतल्या वैद्यकीय सहायकाने त्यांच्यावर उपचार केले. तुकडीने थोडी शस्त्रं दिली, थोडं प्रशिक्षण दिलं. लष्करीदृष्ट्या फार मोठं काही नव्हतं, पण लोकांना जे दिसलं त्याचं मोल मोठं होतं. २ सप्टेंबरला हनोईच्या बा दिन्ह चौकात हो यांनी जाहीरनाम्याची सुरुवात अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने केली आणि पाठोपाठ फ्रेंच राज्यक्रांतीतल्या मानवी हक्कांच्या घोषणेचं वाक्य घेतलं. फ्रेंचांनी आपलीच तत्त्वं व्हिएतनाममध्ये कशी पायदळी तुडवली याचा पाढा त्यानंतर येतो. पुढच्या महिन्यांत त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना अनेक पत्रं आणि तारा पाठवल्या. एकाचंही उत्तर आलं नाही.

सायगॉनकर :

मी कामानिमित्त हो चि मिन्ह शहरात, म्हणजे जुन्या सायगॉनमध्ये राहतो. इथे एका मोठ्या रस्त्याचं नावच 'ऑगस्ट क्रांती' आहे, रोज त्यावरून येणं-जाणं होतं. हनोईत ऑपेरा हाउससमोरचा चौकही त्याच नावाचा. हो यांनी जिथे जाहीरनामा लिहिला ते ४८, हांग न्गांग हे जुन्या बाजारपेठेतलं रेशमाच्या व्यापाऱ्याचं घर आता स्मारक आहे. एका श्रीमंत व्यापारी कुटुंबाने कम्युनिस्ट नेत्याला आपलं घर उघडून दिलं, यावरून व्हिएत मिन्ह त्या वेळी किती वेगवेगळ्या थरांत पोचली होती ते कळतं. २ सप्टेंबर हा राष्ट्रीय दिन, आणि हो वारले तेही २ सप्टेंबरलाच, १९६९ मध्ये.

माझा प्रश्न दक्षिणेबद्दल आहे. सायगॉनही २५ ऑगस्टला व्हिएत मिन्हच्या हाती आलं होतं. मग हनोई सोळा महिने टिकली आणि सायगॉन एका महिन्यात का गेलं? फक्त ग्रेसी आणि फ्रेंचांमुळे?

नदीकाठ :

सायगॉनकर, ग्रेसी हे मोठं कारण आहेच. उत्तरेत आलेल्या लू हान यांच्या चिनी सैन्याने खेड्यांची लूट केली, आपल्या मर्जीतले राष्ट्रवादी पक्ष सोबत आणले, पण फ्रेंचांना मात्र शिरू दिलं नाही. त्यामुळे हो यांना वेळ मिळाला.

तरी मी पुन्हा भाताकडेच येतो. दक्षिणेत दुष्काळ पडला नव्हता. मेकाँग खोऱ्यात तांदूळ होता, म्हणून कोठारं फोडण्याची मोहीम तिथे झाली नाही, आणि त्या मोहिमेतून उभ्या राहिलेल्या गावसमित्याही नव्हत्या. १९४० चा दक्षिणेतला उठाव फ्रेंचांनी इतक्या क्रूरपणे चिरडला होता की पक्षाचं जाळं जवळजवळ संपलं होतं. त्रान व्हान जियाउ यांनी ते पुन्हा बांधलं, आणि ऑगस्टमध्ये गर्दी जमवली ती डॉ. फाम न्गोक थाच यांच्या युवक संघटनेच्या जोरावर, जी जपानच्या परवानगीने स्थापन झालेली होती. शिवाय काओ दाई आणि होआ हाओ हे धार्मिक पंथ स्वतःच्या सशस्त्र दलांसह, ट्रॉट्स्कीवादी वेगळे. म्हणजे सायगॉनमध्ये सत्ता आली ती एका ढिल्या आघाडीची, आणि दर्यावर्दी यांनी सांगितलेली रक्तपाताची प्रकरणं या आघाडीच्या फुटण्यातून बरीचशी आली.

उत्तरेत सत्ता आल्यावर पहिलं काम पुन्हा पोटाचं होतं. ऑगस्टमध्ये तांबड्या नदीचे बांध फुटले होते आणि हिवाळ्यात दुसरा दुष्काळ येईल अशी सर्वांना धास्ती होती. तिजोरीत जेमतेम साडेबारा लाख पियास्त्र (तेव्हाचं चलन), त्यातल्या जवळजवळ निम्म्या नोटा फाटक्या, आणि बँक ऑफ इंडोचायना हातात नाही. सरकारने माणशी कर रद्द केला, बांध दुरुस्तीला माणसं लावली, पडीक जागा, अंगणं, रस्त्याच्या कडा, जिथे जागा दिसेल तिथे रताळी, मका, कसावा लावायला सांगितलं. हो यांनी लोकांना आवाहन केलं की दर दहा दिवसांनी एक वेळचं जेवण सोडा आणि तो तांदूळ उपाशी माणसासाठी द्या. सप्टेंबरमध्ये 'सुवर्ण सप्ताह' झाला, बायकांनी अंगावरचे दागिने दिले, ३७० किलो सोनं जमलं. त्याच महिन्यात साक्षरतेची मोहीम निघाली. आणि १९४५-४६ च्या हिवाळ्यात तसा दुष्काळ पुन्हा पडला नाही.

६ जानेवारी १९४६ ला निवडणूक झाली. विरोधी पक्षांना ७० जागा आधीच राखून दिल्या होत्या, त्यामुळे तिला आजच्या अर्थाने मोकळी निवडणूक म्हणणं कठीण आहे. पण आठ-दहा महिन्यांपूर्वी ज्या खेड्यांतून प्रेतं उचलली जात होती तिथल्या बायकापुरुषांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं.

दर्यावर्दी :

दक्षिण-उत्तर फरकाचा हा मुद्दा मला पटला. राखीव जागांबद्दल एक भर : त्या जागा दिल्या त्या बऱ्याच अंशी चिनी सेनापतींच्या दबावामुळे, आणि चिनी सैन्य निघून गेल्यावर जुलै १९४६ मध्ये त्याच राष्ट्रवादी पक्षाच्या कचेरीवर छापे पडले. ज्यांना मार्चमध्ये सरकारात घेतलं त्यांचे लोक उन्हाळ्यात तुरुंगात गेले. नोव्हेंबरात फ्रेंचांनी हायफाँगवर तोफा डागल्या, तेव्हा प्रतिकार करणारी एकच संघटना उरली होती. ही त्यांची ताकद होती आणि पुढच्या तीस वर्षांत विरोधी आवाजाला जागा उरली नाही त्याचं एक कारणही.

सायगॉनकर :

दोघांचेही आभार. हनोईला पुढच्या वेळी गेलो की दुष्काळात मेलेल्यांचं एक सामूहिक स्मारक आहे तिथे जाऊन येईन आणि फोटो इथे टाकेन. मोहनकाका, सुराबायावर वेगळा धागा काढाल का? मराठा पलटणीबद्दल इथे कुणाच्या घरची आठवण आली तर ती या धाग्यात हरवून जाईल.

मोहनकाका :

काढतो. ऑक्टोबर १९४५ मधला पलटणीचा घटनाक्रम माझ्याकडे टिपलेला आहे, तो व्यवस्थित लावून लिहितो. तोवर ज्यांच्याकडे काही असेल त्यांनी गाव आणि जमल्यास पलटण क्रमांक एवढं तरी विचारून ठेवा.